कासाडीचें पाणी आणि वर्तमानपत्रें

पळस्पे हें गांव पनवेलच्या दक्षिणेस, मुंबईहून पुण्यास जाणारा जुना हमरस्ता जेथें गोव्याच्या रस्त्यास वाट करून देतो, तेथें वसलेलें आहे. या फांट्यावर सकाळीं वर्तमानपत्रांच्या विक्रेत्यापाशीं उभें राहिलें म्हणजे मुंबईचीं, अलिबागचीं व खुद्द पनवेलचीं अशीं दहाबारा पत्रें एका नजरेंत येतात. आणि कोणतें पत्र कोणाच्या पैशावर चालतें, कोणत्या पुढाऱ्याची तसबीर कोणत्या पत्रांत रोज असावयाची, हें तेथें चहा पीत उभा असलेला ट्रकवालादेखील बिनचूक सांगूं शकतो. प्रस्तुत लेखक महाविद्यालयांत इतिहास शिकवितो व गेलीं पंचवीस वर्षें त्याचा दिवस या फांट्यावरच सुरू होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला आजचें वर्तमानपत्र हें उद्यांचें साधन असतें; त्यामुळें त्यांत काय आलें यापेक्षां काय आलें नाहीं याकडे पाहण्याची एक खोडच मला जडली आहे.

सन २०१७ च्या ऑगस्टमध्यें त्या विक्रेत्याच्या फळीवर एक विलक्षण छायाचित्र दिसूं लागलें. पनवेलच्या उत्तरेस तळोजें येथें जी औद्योगिक वसाहत आहे तींत पांचएक भटकीं कुत्रीं अंगभर निळीं होऊन हिंडतांना आढळलीं होतीं. प्राणिमित्रांनीं तक्रार केली. एका कारखान्यांतील रंग त्यांच्या अंगास लागला असें ठरलें. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानें तो कारखाना बंद करण्याचा हुकूम सोडला. आणि पंधरवडा उलटण्यापूर्वीं तीं निळीं कुत्रीं जगांतल्या मोठमोठ्या पत्रांतून फिरून आलीं. तळोज्याचें नांव त्यापूर्वीं एवढ्या दूरवर कधीं गेलें असेल असें मला वाटत नाहीं.

याच वसाहतीच्या कडेनें कासाडी नांवाची नदी वाहते व पुढें पनवेलच्या खाडीस मिळते. त्या वेळच्या बातम्यांतून वसाहतींतील कारखान्यांची संख्या ९७७ दिलेली होती. कुत्रीं निळीं होण्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे २०१६ सालीं, तळोज्याच्या कोळ्यांनीं आपण होऊन नदीचें पाणी नवी मुंबई महानगरपालिकेच्या प्रयोगशाळेंत तपासून घेतलें होतें. पाण्यांतील मळ कुजतांना जो प्राणवायु खर्ची पडतो त्याचें माप लिटरमागें ८० मिलिग्रॅम निघालें. हें माप ६ च्या वर गेलें कीं मासा तगत नाहीं, आणि ३ च्या वर गेलें कीं तें पाणी माणसानें तोंडांत घालण्याजोगें राहत नाहीं. म्हणजे माशाला जें सोसेल त्याच्या तेरापट मळ कासाडींत होता. या आंकड्यानें कोणाची झोंप मोडली नाहीं. बहुतेक वाचकांस तो कळला तो पुढच्या वर्षीं, निळ्या कुत्र्यांच्या बातमीच्या तळाशीं दिलेल्या चार ओळींत.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी मला फांट्यावर भेटला. तो एका दैनिकाचा या भागांतील बातमीदार आहे. मीं त्यास जरा रागानेंच विचारलें, "अरे, मासे मरतात तेव्हां तुम्ही लोक कोठें असतां?" तो हंसला आणि म्हणाला, "सर, मासे दर पावसाळ्याच्या तोंडीं मरतात. कुत्रीं निळीं प्रथमच झालीं."

तें उत्तर मला त्या वेळीं उथळ वाटलें व मीं तें त्यास बोलूनही दाखविलें. पण पुष्कळ दिवस तें मनांतून गेलें नाहीं. जें रोज घडतें ती बातमी नव्हे, हा वृत्तपत्रव्यवसायाचा जुना दंडक आहे, आणि नदीचें विटाळणें हें तर रोजचेंच. तथापि एवढ्यानें उलगडा होत नाहीं. पाऊसही दर वर्षीं येतो. परंतु तो अंदमानास पोंचल्यापासून त्याचा ठावठिकाणा आपण पत्रांत वाचतों. धान्याचे भाव मुंगीच्या पावलानें चढतात, तरी त्यांना रोज जागा मिळते. परीक्षांचे निकाल तर वर्षानुवर्षें त्याच दिवसांत लागतात. या सर्वांमागें एक साम्य आहे. पावसासाठीं वेधशाळा आहे, भावांसाठीं बाजारसमिति आहे, निकालांसाठीं मंडळ आहे. म्हणजे कोणीतरी जबाबदार मनुष्य ठराविक दिवशीं एक माप घेऊन लोकांसमोर येतो, व तें माप चुकलें तर त्यास विचारतां येतें. संथपणें घडणाऱ्या गोष्टीची बातमी व्हावयाची तर तिला असें माप लागतें. आणि हें माप कोणाच्या हातीं असावें, तें लोकांस दाखवावें कीं दप्तरांत ठेवावें, दुसऱ्या कोणी वेगळें माप पुढें केलें तर त्यास साक्ष मानावें कीं गुन्हेगार, या गोष्टी संपादकाच्या खोलींत ठरत नाहींत. त्या राज्यपद्धति ठरविते.

आमच्याच शेजारचें उदाहरण घेऊं. पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्यानें थोडें पुढें गेलें कीं शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचें हें जन्मगांव. त्यांचा जन्म १८४५ चा. १८७६-७७ च्या दुष्काळांत दक्षिणेंतील माणसें अन्नावांचून मेलेलीं त्यांनीं पाहिलीं आणि त्यांनीं शस्त्र उचललें, ही हकीकत प्रत्येक मराठी मुलास ठाऊक आहे. त्याच दुष्काळांत दुसऱ्या एका वासुदेवपुत्रानें काय केलें हें मात्र तितकेंसें सांगितलें जात नाहीं. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांच्या पुढाकारानें पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. पिकें किती बुडालीं, माणसें कोठें गेलीं, मदतीच्या कामांवर मजुरी किती मिळते, तेवढ्या मजुरींत पोट भरतें कीं नाहीं, या साऱ्याचे वृत्तांत लिहून सभेनें ते एकामागून एक सरकारकडे धाडले. सरकारी दप्तरांत दुष्काळाचें एक माप होतें. सभेनें त्याशेजारीं दुसरें माप आणून ठेविलें.

परकी सरकारला शिव्यांची फारशी भीति नसते. शिव्या देणाऱ्यास माथेफिरू म्हणतां येतें. लोकांच्याच भाषेंत मांडलेला दुसरा आंकडा मात्र त्यास सोसत नाहीं. १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या सरकारनें देशी भाषांतील वर्तमानपत्रांसाठीं जो कायदा केला त्याची घडण पाहिली म्हणजे ही भीति स्पष्ट दिसते. मॅजिस्ट्रेटनें मुद्रकाकडून जामीन मागावा, मजकूर पटला नाहीं तर छापखाना जप्त करावा, आणि त्यावर न्यायालयाकडे दाद नसावी. इंग्रजींत छापणाऱ्यांस यांतलें कांहींच लागू नव्हतें. कलकत्त्याची 'अमृतबझार पत्रिका' तेवढ्यासाठीं एकाएकीं इंग्रजी होऊन बसली. हा कायदा १८८२ सालीं रिपनच्या कारकीर्दींत रद्द झाला. मध्यंतरीं १८७९ सालीं फडक्यांवर पुण्यास खटला चालला, तेव्हां त्यांचें वकीलपत्र सार्वजनिक काकांनींच घेतलें होतें. बंदूक घेणारा आणि आंकडे गोळा करणारा असे हे दोघे एकाच दुष्काळाचे साक्षीदार एका कोर्टांत उभे राहिले, हा प्रसंग मला नेहमीं मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे.

दुष्काळाच्या बाबतींत आमचीं पत्रें जितकीं धीट होतीं तितकीं धुराच्या बाबतींत होतीं असें मात्र म्हणवत नाहीं. मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कापडाच्या गिरणीची स्थापना केली, आणि पुढच्या तीस वर्षांत परळचें आकाश धुराड्यांनीं भरून गेलें. तीं धुराडीं आपल्या लोकांचीं होतीं, हा त्या काळांतला अभिमानाचा विषय. १८८१ चा कारखान्यांचा कायदा आला तेव्हां, हा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनीं आपल्या धंद्यावर टाकलेला फांस आहे, असा ओरडा राष्ट्रीय म्हणविणाऱ्या पत्रांनीं केला. आणि त्यांत तथ्य मुळींच नव्हतें असेंही नाहीं. परंतु त्या ओरड्यांत गिरणींतली उष्णता, कापसाची पूड आणि चौदा-चौदा तासांचें काम यांची हकीकत दबून गेली. ती सांगण्याचें काम 'दीनबंधु' पत्र हातीं घेऊन नारायण मेघाजी लोखंडे यांनीं केलें, आणि १८९० सालीं गिरणी कामगारांस आठवड्याची सुटी मिळाली. म्हणजे त्या काळांत गिरणीची वाफ व पूड ही बातमी झाली ती जुलमी परक्यांच्या विरुद्ध नव्हे, तर आपल्याच श्रीमंतांच्या विरुद्ध. आणि म्हणून ती सांगणारा थोरामोठ्यांच्या पंक्तींत कधीं बसला नाहीं.

मुंबई सरकारनें १९१२ सालीं धुराच्या उपद्रवाचा कायदा केला. धुराड्यांतून किती दाट धूर, किती उंचीवर व किती वेळ सोडावा याची मर्यादा त्यांत ठरविण्याची सोय होती. धूर मोजावयाचा तो धुराड्याच्या तोंडाशीं. मजुराच्या छातीशीं नव्हे. त्याच काळांत लोणावळ्याच्या पाण्यावर वीज करण्याची टाटांची योजना आकारास येत होती. १९११ सालीं तिचा पाया घातला गेला आणि १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईस वीज वाहूं लागली. कोळसा जाईल, धूर जाईल, आकाश निवळेल, असें तिचें माहात्म्य सांगितलें जाई. तेंही खरेंच होतें. परंतु त्याच पद्धतीचें पुढचें धरण मुळशीस बांधूं लागले तेव्हां, १९२१ सालीं, सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळांतील शेतकरी सत्याग्रहास बसले, आणि मुंबईचा स्वच्छ वारा कोणाच्या बुडालेल्या शेतांवरून वाहतो हा प्रश्न मराठी पत्रांपुढें उभा राहिला. त्या वादाचीं जुनीं पानें चाळतांना एक गोष्ट ध्यानांत येते. सरकारशीं भांडतांना ज्या लेखण्या तलवारीसारख्या चालत, त्याच लेखण्या स्वदेशी उद्योगपतीशीं गांठ पडतांच चांचपडूं लागत. पारतंत्र्यानें आमच्या वृत्तपत्रांस धैर्य शिकविलें हें खरें. परंतु शत्रु एकच असतो अशी समजूतही त्यांना त्यानेंच लावून दिली.

आतां थोडें बाहेरच्या जगाकडे वळूं. १९८६ च्या एप्रिलच्या २६ तारखेस सोव्हिएट युक्रेनमध्यें चेर्नोबिल येथील अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशीं जवळचें प्रिप्यात शहर रिकामें करविलें, पण देशाच्या एकाही पत्रांत अवाक्षर आलें नाहीं. २८ तारखेस सकाळीं स्वीडनमधील फोर्समार्क येथील अणुविद्युत्‌केंद्रांतल्या यंत्रांना हवेंत किरणोत्सर्ग आढळला. आमच्याकडे तर कांहीं बिघडलें नाहीं, मग हें आलें कोठून, असा शोध सुरू झाला. तेव्हां कोठें त्या रात्रीं मॉस्कोनें चार वाक्यांचें निवेदन केलें. १ मे रोजीं कीव्ह शहरांत मुलाबाळांसह मिरवणूक नेहमींप्रमाणें निघाली. गोर्बाचेव्ह यांनीं राष्ट्राला उद्देशून भाषण केलें तें १४ मे रोजीं. एकतंत्री राज्यांत विषाची बातमी सरहद्द ओलांडल्यावर जन्मास येते, कारण सरहद्दीपलीकडेच स्वतंत्र माप असतें.

चीनमध्यें २००५ च्या नोव्हेंबरांत जीलिन येथील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन शंभर टनांच्या आसपास बेंझिन व तत्सम द्रव्यें सुंगारी नदींत गेलीं. खालच्या अंगाचें हार्बिन हें लक्षावधि वस्तीचें शहर त्या नदीचें पाणी पितें. तेथील अधिकाऱ्यांनीं नळ बंद करण्याचें पहिलें कारण सांगितलें तें नळांच्या दुरुस्तीचें! लोकांनीं विश्वास ठेवला नाहीं. भूकंपापासून नाना तऱ्हेच्या कंड्या उठल्या. मग खरें कारण बाहेर आलें. त्याच देशांत बीजिंग येथील अमेरिकन वकिलातीनें २००८ पासून आपल्या आवारांत हवा मोजण्याचें यंत्र बसविलें व त्याचे आंकडे तासातासास प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. परक्या वकिलातींनीं असे आंकडे प्रसिद्ध करूं नयेत असें चिनी अधिकाऱ्यांनीं २०१२ सालीं बजावलें, आणि गंमत अशी कीं, २०१३ च्या आरंभापासून त्यांनींच ७४ शहरांतील हवेचे आंकडे रोजच्या रोज जाहीर करण्यास सुरुवात केली. छपरावरच्या एका यंत्रानें जें काम झालें तें शंभर अग्रलेखांनीं झालें नसतें.

पण याचा अर्थ लोकसत्ताक राज्यांत सर्व कांहीं आपोआप उजेडांत येतें असा कोणी करूं नये. १९५२ च्या डिसेंबरांत ५ पासून ९ तारखेपर्यंत लंडनवर जें धुरकें बसलें त्यांत सुमारें चार हजार माणसें मेलीं असा त्या वेळचा हिशेब आहे; पुढील संशोधकांनीं तो आंकडा याहून बराच वर नेला. त्या दिवसांत पत्रांत कोणती बातमी झळकली? स्मिथफील्डच्या प्रदर्शनांत आणलेलीं बक्षिसपात्र गुरें गुदमरून दगावलीं ही! नाटकगृहांत धूर शिरून संगीतनाटकाचा प्रयोग मधेंच थांबला, हीही आली. आपापल्या घरीं अंथरुणावर गेलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची बातमी मागाहून आली. तळोज्याचीं कुत्रीं आणि लंडनचीं गुरें यांच्यामध्यें पासष्ट वर्षांचें व हजारों मैलांचें अंतर आहे, परंतु वर्तमानपत्राचा डोळा एकच. सरकारचाही स्वभाव फारसा निराळा नव्हता. पुढच्या महिन्यांत चढलेल्या मृत्यूंचें खापर तेथील आरोग्यखात्यानें इन्फ्लुएंझाच्या डोक्यावर फोडलें. मग चार वर्षांत, १९५६ सालीं, स्वच्छ हवेचा कायदा झाला तो कशाच्या बळावर? मंत्र्यांच्या सचोटीच्या बळावर खास नव्हे. इंग्लंडांत मृत्यूंची नोंद दर आठवड्यास छापून निघत असे. तो आंकडा कोणाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. विरोधी सभासदांनीं तो पार्लमेंटांत वाचून दाखविला आणि पत्रांनीं तेथून उचलला. आधीं आंकडा, मग प्रश्न, मग बातमी, असा तो क्रम होता.

आपल्याकडे हा क्रम कोठें अडला? महाराष्ट्रानें पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा १९६९ सालीं, म्हणजे मध्यवर्ती कायद्याच्या पांच वर्षें आधीं केला, व त्याखालीं १९७० च्या सप्टेंबरांत मंडळ स्थापिलें. याचा अभिमान बाळगावयास हरकत नाहीं. १९७४ चा मध्यवर्ती कायदा मात्र बारकाईनें वाचण्यासारखा आहे. सांडपाणी सोडण्यास ज्यांना परवानगी दिली त्यांची नोंदवही मंडळानें ठेवावी, आणि ज्यास त्या सांडपाण्याची झळ पोंचते त्यास ती पाहतां यावी, असें त्याच्या २५ व्या कलमांत लिहिलेलें आहे. किती कोळ्यांनीं ती वही पाहिली असेल? दुसरीकडे २१ वें कलम म्हणतें कीं, पाण्याचा नमुना अधिकाऱ्यानें कारखानदारास सूचना देऊन, ठराविक रीतीनें वांटून, मोहोरबंद करून घेतलेला नसेल तर त्याची तपासणी न्यायालयांत पुराव्यास चालावयाची नाहीं. आणि मूळच्या ४९ व्या कलमाप्रमाणें फिर्याद करण्याचा अधिकार मंडळासच होता. सामान्य नागरिकास साठ दिवसांची नोटीस देऊन फिर्याद करण्याची मोकळीक मिळाली ती १९८८ च्या दुरुस्तीनें. म्हणजे पहिलीं चौदा वर्षें ज्याच्या जाळ्यांत मेलेला मासा येई त्याच्या हातांतली बाटली ही कायद्याच्या दृष्टीनें केवळ बाटली होती. बातमीदारानें ती घेऊन मंडळाकडे जावें, मंडळानें "अहवाल आल्यावर पाहूं" म्हणावें, आणि बातमीदारानें 'संबंधित अधिकाऱ्यांशीं संपर्क होऊं शकला नाहीं' या वाक्यानें मजकूर संपवावा, ही रीत त्या कलमांच्या पोटांतूनच निघाली आहे.

कायद्यास वर्ष सवा वर्ष होतें न होतें तोंच १९७५ च्या जूनमध्यें आणीबाणी आली. पुण्याच्या 'साधने'ला त्या काळांत सेन्सॉरशीं कसें झुंजावें लागलें हें सर्वश्रुत आहे; मुंबईच्या उच्च न्यायालयानेंही १९७६ सालीं मिनू मसानी यांच्या प्रकरणांत सेन्सॉर अधिकाऱ्याचे कान उपटले. नदीनाल्यांच्या बातम्या छापूं नका असा वेगळा हुकूम काढण्याची त्या काळांत गरजच नव्हती. सरकारी पत्रक आलें कीं तें जसेंच्या तसें छापावयाचें, ही संवय त्या एकवीस महिन्यांत लागली. आणि आणीबाणी गेली तरी ती संवय गेली नाहीं. माझ्या मतें आणीबाणीनें वृत्तपत्रांचें केलेलें हेंच टिकाऊ नुकसान होय. निर्भय संपादकांच्या कथा आपण सांगतों. आळसावलेल्या वार्ताहरकक्षाची कथा कोण सांगणार?

आणि ज्यास कोणींही अडविलें नाहीं त्याचें काय झालें हें भोपाळनें दाखविलें. राजकुमार केसवानी या पत्रकारानें आपल्या 'रपट' या लहानशा हिंदी साप्ताहिकांत १९८२ सालीं युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून शहरास धोका आहे असें पुनःपुन्हां लिहिलें. १९८४ च्या जूनमध्यें 'जनसत्ते'तही लिहिलें. कोणीं पत्र जप्त केलें नाहीं, कोणीं जामीन मागितला नाहीं. विधानसभेंत विषय निघाला तेव्हां, पंचवीस कोटींचा कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवावा असा दगड नव्हे, अशा अर्थाचें उत्तर मंत्र्यांनीं दिलें. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्रीं वायु सुटला. लिहिण्याचें स्वातंत्र्य होतें. परंतु लिहिलेल्यास उत्तर देण्याची सक्ति कोणावरही नव्हती.

आमच्या पनवेल तालुक्याचें राजकारण आणखी निराळें आहे. कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, हा कुळांच्या लढ्याचा मुलूख. चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षें चालला, आणि त्याच चळवळींतून १९३७ सालीं 'कृषीवल' पत्र निघालें. येथील वृत्तपत्राच्या रक्तांतच जमीन आहे. १९७० सालीं सिडको आलें, गांवेंच्या गांवें संपादनाखालीं आलीं, १९८४ च्या जानेवारींत जासई भागांत गोळीबार होऊन पांच शेतकरी पडले, दि. बा. पाटलांच्या मागें सारा तालुका उभा राहिला; आणि हें सर्व येथील पत्रांनीं मन लावून व बाजू घेऊन लिहिलें. जमिनीचा भाव काय, साडेबारा टक्क्यांचे भूखंड कोणास मिळाले, कारखान्यांत भूमिपुत्रास नोकरी कां नाहीं, या प्रश्नांवर आमचीं स्थानिक पत्रें मुंबईच्या पत्रांपेक्षां कितीतरी जाणतीं आहेत. नदीचें पाणी या भांडणांत कोठें बसावें हें मात्र त्यांना कळत नाहीं. कारखाना बंद करा म्हणावें तर ज्यांच्यासाठीं नोकरी मागितली तेच बेकार होतात. कारखान्यांतील लहानसहान ठेके ज्यांच्या हातीं, ते पत्राचे वाचक आणि बहुधा जाहिरातदारही असतात. त्यांतून सरकारी जाहिराती बंद झाल्या तर जिल्ह्यांतील लहान पत्र महिनाभर चालणें कठीण. दोष देण्यापूर्वीं ही ओढाताण समजून घेतली पाहिजे. पुढाऱ्याच्या मालकीचें पत्र पुढाऱ्याची स्तुति करतें यांत आश्चर्य नाहीं. त्याच्या विरोधकाच्या मालकीचें पत्रही नदीविषयीं तितकेंच गप्प राहतें, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

गेल्या वीसबावीस वर्षांत कांहीं बदललें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रांत २००२ सालीं व देशांत २००५ सालीं आला. २०१० च्या कायद्यानें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण निघालें, आणि पुण्यास त्याचें पीठ झाल्यावर कासाडीचें गाऱ्हाणें पनवेलच्या एका नगरसेवकानें तेथपर्यंत नेलें. तेव्हांपासून कासाडी अधूनमधून पत्रांत दिसूं लागली आहे. पण ती दिसते तारखेच्या दुसऱ्या दिवशीं. न्यायाधिकरणानें समिति नेमली, दंड सुनावला, मंडळास फटकारलें, कीं बातमी येते. पुढची तारीख पडली कीं नदी पुन्हां दोन महिने अदृश्य होते. पूर्वीं आमच्या बातमीदारांचें माप सरकारी पत्रक हें होतें, आतां न्यायालयाचा हुकूम हें झालें; स्वतः काठावर जाऊन पाहण्याचें माप अजून व्हावयाचें आहे. हवेचें भाग्य यापेक्षां बरें. २०१५ पासून हवेचा निर्देशांक निघाला, त्याचा रोजचा एक आंकडा मिळूं लागला, आणि मुंबईची हिवाळ्यांतली हवा एकदम पहिल्या पानावर चढली. कळंबोलीस माझे एक स्नेही राहतात. मध्यरात्रीं एकदोनच्या सुमारास जो उग्र वास येतो त्यानें ते खिडक्या लावून घेतात व सकाळीं पत्र उघडून कालचा आंकडा पाहतात. "आंकडा मध्यम आहे," असें ते मला फोनवर सांगतात, "म्हणजे मला वास आला नसावा."

यंदा ज्येष्ठाच्या आरंभीं, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, मी चारपांच विद्यार्थ्यांस घेऊन कासाडीच्या कांठीं गेलों होतों. बरोबर तो जुना विद्यार्थीही होता, बातमीदार. पाण्यावर तांबूस साय धरली होती. एका म्हाताऱ्या कोळ्यानें आम्हांस घरांत बोलाविलें, चहा दिला, आणि बोलतां बोलतां खुंटीवरचें कॅलेंडर काढून पुढें ठेविलें. त्यांतल्या कांहीं तारखांभोंवतीं पेन्सिलीनें वाटोळें केलें होतें. कांहींच्या खालीं 'काला', कांहींच्या खालीं 'पिवला', आणि तीन तारखांखालीं नुसतें 'मासं' असें लिहिलें होतें. अशीं मागच्या वर्षांचीं कॅलेंडरें आहेत काय, असें मीं विचारलें. "हायत ना मास्तर," तो म्हणाला, "पण उदईनं अर्धीं खाल्लीं." मग पेटींतून त्यानें अकरा वर्षांचीं कॅलेंडरें काढलीं.

मुलें तारखा उतरून घेऊं लागलीं. माझा बातमीदार विद्यार्थी बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें खिशांतून आपली वही काढली, चष्मा पुसला, आणि म्हाताऱ्यास विचारलें, "काका, हीं वाटोळीं तुम्ही त्याच दिवशीं करतां, कीं मागाहून आठवून?"

"त्याच दिवशीं," म्हातारा म्हणाला. "रातीं जालं धुतांना."

त्यानें तेवढें लिहून घेतलें व पुढची तारीख विचारली.